माडीवरच्या पांढऱ्या फुलदाण्या

६ सप्टेंबर, झेल्ब, जर्मनी
आजपासून नवी फुलदाणी घ्यायची नाही. पक्कं. आता फक्त मांडणी, आणि ऑक्टोबरात घरीच प्रदर्शन. माडीवरची खोली रिकामी करून रोसविटाचं शिलाई मशीन खाली स्वयंपाकघरात नेलं. बायको काही बोलली नाही, म्हणजे पसंत असणार.

११ सप्टेंबर
होफ गावच्या जुन्या बाजारात एक मिळाली. साठच्या दशकातली, पांढरी, बिनचकाकीची. पोर्सेलिनला कागदासारख्या घड्या घातलेल्या. हिला नवी कसं म्हणणार? आमच्या लग्नाइतकी जुनी आहे. निश्चय शाबूत.

१९ सप्टेंबर
बंद पडलेल्या औषधाच्या दुकानातली काचेची कपाटं आली. अस्सल ओक. वर चढवताना हमाल घामाघूम. संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार लागेना. हवा दमट आहे. दाराला रंधा मारला.

२८ सप्टेंबर
रोसविटाच्या सूपमध्ये छताचा चुना पडला. ती चमचा खाली ठेवून म्हणाली, "फोल्कमार, डोक्यावर काहीतरी चाललंय." मी समजावलं, जुनी घरं थोडी हलतातच. तिला खरं तर फुलदाण्यांचा मत्सर वाटतो. बायकांचं असतं असं.

२ ऑक्टोबर
तिनं परस्पर छत तपासायला इंजिनिअरला बोलावलं, येत्या बुधवारी. त्याच दिवशी लाइट बसवणारा येणार होता. इंजिनिअरला फोन करून नको म्हणून सांगितलं. लाइटवाले लवकर मिळत नाहीत.

१० ऑक्टोबर
इंजिनिअरचं तिला कळलं. मी वाद घातला नाही, मोठेपणा आपल्याकडे. ती बहिणीकडे, इर्मट्राउडकडे, राहायला गेली. चला, प्रदर्शनापर्यंत घरात शांतता.
कपाटं भिंतीपासून थोडी सुटल्यासारखी दिसतात. खाली पुठ्ठे सारले. कुठून तरी कुजल्याचा वास येतोय. खिडकी उघडी ठेवली.

१५ ऑक्टोबर
आज माडीवर पाय टाकला आणि सगळ्या फुलदाण्या एकदम किणकिणल्या. फार गोड आवाज. आणखी दोन घेतल्या. निश्चय मोडला नाही, पुढे ढकलला.

१८ ऑक्टोबर, रविवार, दुपार
प्रदर्शनाचा दिवस. सकाळी रोसविटा आली, सफरचंदाचा केक घेऊन. पाहुण्यांसमोर लाज नको म्हणाली, आणि मला बजावलं, "लोकांना वर नेऊ नकोस. निदान एवढं तरी ऐक." मी हो म्हटलं. एका वेळी सहाच जणांना न्यायचं ठरवलं.

मी फाटकावर पाटी लावत होतो. आधी कडकडाट, मग खूप वेळ नुसती काच.

माडीची जमीन स्वयंपाकघरात उतरली होती. तुळई टोकाला भिजून पार काळी पडलेली. टेबल, केक, तिची खुर्ची, सगळं कपाटांखाली.

रोसविटा अंगणात उभी होती. टेबलक्लॉथ झटकायला बाहेर आली होती. मी तिच्या शेजारून धावत आत गेलो.

घड्यांची फुलदाणी धुळीत सापडली, टवकासुद्धा नाही. ती घेऊन बाहेर आलो. म्हटलं, "बघ, ही वाचली."

 रोसविटा म्हणाली, "मी पण."

तिनं टेबलक्लॉथ नीट घडी करून माझ्या हातात दिला आणि इर्मट्राउडच्या गाडीत बसली.

रात्री, लॉजवर
टेबलक्लॉथ घालायला टेबल उरलेलं नाही. तरी ठेवून गेली. म्हणजे परत यायचं तिच्या मनात असावं.