निधीचं पुढे काय

क्लोनडॉकिन, डब्लिन, १८ एप्रिल २०२१

प्रिय प्रभा,

लॉकडाऊनमुळे काउंटीबाहेर जायला बंदी नसती, तर हे न लिहिता मी सरळ एनिसला तुझ्या दारात येऊन उभी राहिले असते. तू मराठी मंडळाचा ग्रुप सोडलास, फोन उचलत नाहीस, म्हणून आमच्या अद्वयकडून पत्ता काढला. त्याच्यावर रागावू नकोस. आणि पत्र फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड, कारण गोष्ट तुझ्या निधीच्या कॉलेजची आहे आणि मुदत तीस तारखेची.

तुमच्या घरात आता एक ब्राझीलचं जोडपं राहतं. माणसं चांगली आहेत, पण भिंतीपलीकडून फोडणीचा वास येत नाही. अद्वय इंजिनिअरिंगला गेला, खोलीत बसूनच कॉलेज करतो. हा मुलगा गणितात काठावर होता गं. दोन वर्षं निधीने आमच्या जेवणाच्या टेबलावर त्याला शिकवलं, आणि मी तिच्यापुढे पोह्यांची बशी ठेवून आपण फार काही करतोय असं समजत होते.

दसऱ्याचा तो झूमवरचा गुणगौरव डोक्यातून जात नाही. परीक्षा रद्द होऊन शाळांनीच गुण दिले, आणि मंडळाच्या मुलांत निधी पहिली. सूत्रसंचालन माझ्याकडे. ऐंशी घरं बघतायत, आणि मी सगळ्या मुलांना विचारलं तेच तिला विचारलं, मग आता पुढे काय, कुठलं कॉलेज. तिने नजर खाली वळवली. मी पुन्हा विचारलं, वर म्हटलं, एवढे गुण मिळवून लाजतेस काय. तिने कॅमेरा बंद केला. आपल्यात हा प्रश्न येताजाता कुणाच्याही मुलाला विचारतात, उचलली जीभ लावली टाळ्याला. दुसऱ्या दिवशी तू ग्रुप सोडलास, तर नवऱ्याजवळ मी तुलाच शिष्ट ठरवलं.

शेवटी अद्वयनेच सांगितलं, मान वर न करता, त्याच्या त्या आयरिश इंग्रजीत. राजीवभावजी कामाला होते ते हॉटेल बंद पडलं, वर्क परमिट संपलं, तेव्हापासून तुम्हा तिघांकडे इथे राहायचे कागद नाहीत. आणि कागद नाहीत म्हणून कॉलेज परदेशी विद्यार्थ्याची फी सांगतं. पाच वर्षांची असताना आलेली पोर, म्हणे परदेशी.

पण खरं सांगू, मला काहीच माहीत नव्हतं असं नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या किचनमध्ये, प्रेसचं दार उघडून वरच्या फळीवरचे कप काढता काढता, तू म्हणाली होतीस की इमिग्रेशन कार्डाचं जरा अडलंय. मी म्हटलं, होईल गं सगळं ठीक, ग्रँड होईल, आणि आमच्या नागरिकत्वाच्या समारंभाचे फोटो दाखवत बसले. तू चहा अर्धा टाकून उठलीस. मी पुढे विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं. याची मला लाज वाटते.

आता कामाचं. एका कॉलेजाने कागद नसलेल्या मुलांसाठी दोन जागा ठेवल्यात. फी माफ, लॅपटॉप आणि बसपासही देतात. तिथल्या बाईंशी मी तुमचं नाव न घेता तीनदा बोलले. अर्ज इमिग्रेशनकडे जाणार नाही, हे त्यांच्याकडून लेखी घेतलं, ते सोबत आहे. एक शिफारसपत्र लागतं, ते अद्वयने लिहिलंय. ही शिकवायची म्हणून मी इथे पोचलो, एवढं त्यात सरळ लिहिलंय. वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

कोरा अर्ज पाठवतेय. त्यात एक अक्षरही मी भरलेलं नाही, कारण दगडाखाली हात तुमचा आहे, माझा नाही. घाबरून नको म्हणालात तरी मी समजेन. पण तो ऐंशी घरांसमोरचा प्रश्न मला परत घ्यायचाय, आणि निधीला एकटीला, तुझ्यासमोर, पुन्हा विचारायचाय. या वेळी उत्तर शोधायला मी तिच्या शेजारी बसेन, पोह्यांशिवाय. बोलावंसं वाटत नसेल तर बोलू नकोस. तिने सही केली की नुसता एक मिस्ड कॉल दे. फोन मी खिशातच ठेवलाय.

अजूनही म्हणू देशील तर, तुझीच,
मेधा