मधलं कापू नकोस

१२ फेब्रुवारी, दुपार

चि. चिमणीस,

दादाचे आशीर्वाद. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण तोंड त्याहून जोरात चालतं, तेव्हा काळजी नको. पत्र बघून दचकली असशील. फोनवर भावोजी स्पीकर लावून शेजारी बसतात, म्हणून हे तुमच्या शेजारच्या शिंपीणबाईंच्या हाती पाठवतोय. त्या गॅलरीतून देतील. वाचलंस की फाडून टाक.

तुझं नवं गाणं मिळालं. नेहमीप्रमाणे भावोजींच्याच फोनवरून आलं, वर 'घ्या, तुमची कोकिळा' असं लिहून. छान गायलीस. दुसऱ्या कडव्यात वरचा सूर किंचित उतरलाय, तो मी मशीनवर सरळ करतो. तू म्हणशील, मग गायली कोण, मी की मशीन? थोडी रंगसफेदी चालते गं. आईने मात्र ऐकून विचारलं, "हिचा आवाज असा कोंडल्यासारखा का येतोय?" मी म्हटलं, "कपड्यांच्या कपाटात बसून गाते, आई. आवाज घुमू नये म्हणून." तिला पटलं नसावं.

मी विषय टाळतोय, कळतंय मला. अक्षरही कोंबडीचे पाय झालंय.

तुझं गाणं आलं की मी आधी काय करतो, ठाऊक आहे ना? ओळींच्या मध्ये तू गात नसतेस, तिथला आवाज पार बंद करतो. पंखा, खुर्ची, खोकला, सगळं साफ. त्याला गेट म्हणतात. या वेळी मला तुझे श्वास हवे होते, म्हणून गेट काढलं आणि कम्प्रेसर जरा जास्तच लावला. त्याने मोठा आवाज दबतो आणि बारीकसारीक वर येतं. पहिलं कडवं संपलं. जिथे मी बासरी घालणार होतो, तिथे दाराला बाहेरून कडी लागली. मग कुलूप. मग भावोजींचा आवाज, अगदी शांत: "गाणं झालं की गप्प बसायचं. मागच्या वेळी काय झालं, आठवतंय ना?"

मग लांब जाणारी पावलं. आणि मग तू, माईकला ओठ लावून: "दादा, मला ने."

आणि लगेच दुसरं कडवं, तालात.

मी हेडफोन फेकूनच दिले. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय रे?" मी म्हटलं, "काही नाही, शॉक बसला." मग तुझ्या जुन्या मूळ फायली काढल्या आणि गेट न लावता ऐकल्या. प्रत्येकीत तू होतीस. एकीत नुसतं "दादा", एकीत नुसतं रडणं. ते सगळं मी माझ्या हाताने पुसून, गाणी गुळगुळीत करून तुलाच परत पाठवत होतो! मागे फोनवर तू म्हणालीस, "मधलं कापू नकोस रे दादा," तर मी उखडलो, "आता तू मला मिक्सिंग शिकवणार?" शेजारी बसलेले भावोजी हसले. तूही हसलीस.

आता 'भावोजी' लिहवत नाही. पण त्याची भीती वाटते, हे खरं. माझ्याच्याने कधी झुरळ मारवलं नाही. त्याहून मोठी भीती ही की एखाद्या दिवशी तोही हेडफोन लावून मधलं ऐकेल. म्हणून थांबायचं नाही. चौकीतल्या पोलीसबाईंना ऐकवलं. त्यांनी दोनदा ऐकलं आणि म्हणाल्या, "उद्याच जाऊ."

उद्या तो कामावर गेला की मी, त्या बाई आणि कुलूपवाला असे तिघं येतोय. आज नेहमीसारखी वाग. सामान बांधू नकोस, त्याला दिसेल. हे पत्र तुला मिळालं की शिंपीणबाई मला फोन करतील. संध्याकाळपर्यंत फोन आला नाही, तर मी उद्याची वाट न बघता निघतो, मग कुलूपवाला असो वा नसो. आईला अजून काही बोललो नाही. तरी तिने तुझ्या खोलीतली चादर बदलली आहे.

कुलूप जुनं, भक्कम आहे, तुटायला वेळ लागेल. ठोकाठोकी ऐकून कपाटात लपू नकोस. चपला घालून दारापाशीच उभी राहा.

तुला न्यायला निघालेला,
दादा