डाव्या बुटातली पाचर

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाठीचा फोटो निघाला. कमरेच्या शेवटच्या मणक्यांमधली गादी सरकून बाहेर आली आहे आणि डाव्या पायाच्या नसेवर दाबते आहे. म्हणूनच कळ मांडीतून थेट अंगठ्यापर्यंत जाते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या मणक्यांमागचे डावे-उजवे सांधे जन्मापासूनच एकसारखे नाहीत, एक सरळ तर एक तिरका. वाकलं की कंबर एका अंगाला पीळ खाते. त्यात माझं काम कपाटं बनवायचं, दिवसभर फळ्या उचलायच्या. सहा आठवडे ओझं बंद आणि व्यायाम सुरू. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं, पण अंगठा ढिला पडला तर ऑपरेशन.

खरी पंचाईत पुढेच आहे. बाईंनी माझा डावा बूट उलटा केला आणि बाबांची पाचर बाहेर पडली. लहानपणी मी तिरका उभा राहायचो म्हणून बाबांनी माझा डावा पाय आखूड ठरवला आणि डुगडुगत्या खुर्चीला करतात तेच मला केलं. तेव्हापासून प्रत्येक नव्या बुटाला नवी पाचर. बाईंनी पाय मोजले, तर दोन्ही सारखे! पाचरीमुळे गादी सरकली असं त्या म्हणत नाहीत, पण ती काढून टाका म्हणाल्या. बाबांना यातलं काही कळू देऊ नकोस. फार जिवाला लावून घेतील.

कामावर मात्र जातो आहे. सहा आठवडे जागा रिकामी ठेवायला मालक काही माझा मामा नाही.

लोभ आहे तेवढा राहू दे,
तुझा ठोकळ्या


११ मार्च

चि. ठोकळ्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तू शहाणा आणि मी दीडशहाणी. मी पत्र मोठ्यानं वाचायचं आणि बाबांनी रंधा मारत ऐकायचं, ही घरची रीत विसरलास? पाचर आली तिथे मी गडबडले आणि तुमच्याकडची थंडी वाचू लागले. बाबा म्हणाले, पोरगं जन्मात कधी हवापाणी लिहीत नाही, नीट वाच. मग वाचलं.

दोन दिवस त्यांनी हत्याराला हात लावला नाही. जेवताना एवढंच विचारलं, की त्याला ती टोचत होती का. मला रडू आवरेना. काल एकटेच इथल्या डॉक्टरांकडे जाऊन आले. काय बोलणं झालं ते सांगायला तयार नाहीत.

आणि तू नोकरीपायी पाय घालवणार का? मला खरंच भीती वाटते. अंगठा वर होतो की नाही, ते उलट टपाली कळव.

माया कमी होणार नाही, पण कान पिळीन,
ताई


१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खोटं लिहीत नाही. अंगठा उचलतो, पण उजव्याइतका नाही. कालपासून चप्पल सुटते. उद्या बाईंना दाखवतो.

बाबांना सांग, कधीच टोचली नाही. नवा बूट घेतला की बाबा तो मांडीवर घेऊन बसायचे, मला ते आवडायचं.

तुझाच,
ठोकळ्या


२० मार्च

चि. पोरास,
आशीर्वाद.

ताईला न सांगता लिहितो आहे, अक्षर लावून घे. गादी माझ्या पाचरीनं सरकली का, असं मी डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, सांगता येणार नाही. हो म्हणाले असते तर रडून मोकळा झालो असतो, नाही म्हणाले असते तर पोटभर जेवलो असतो. आता दोन्ही होत नाही.

सांधे जन्मापासून वाकडे आहेत म्हणे. म्हणजे ते काम माझं आणि तुझ्या आईचं. लाकूड असतं तर पुन्हा रंधून दिलं असतं.

तुझ्या मालकांना मी फोन केला. सोमवारपासून तुझ्या जागी मी उभा राहणार. सत्तरी आली तरी माझा रंधा तुझ्याहून सरळ चालतो. फळ्या उचलायला एक गडी मागितला, तो त्यांनी लगेच दिला. तू कधी मागितलाच नाहीस म्हणाले. आता ऑपरेशन करायचं की नाही ते बाईंना ठरवू दे. तू फक्त त्या सांगतील तसा वाग. तुझ्या पायापुढे मला दुसरं काही दिसत नाही.

रविवारी दुपारच्या गाडीनं येतो. हत्यारांची पेटी जड आहे. फलाटावर आलास तर हात खिशात ठेव.

बाबा