त्या तारखेची सही

प्रिय दादा,

हे पत्र टाकता येणार नाही. समोरच्या पक्षाच्या साक्षीदाराला लिहिलं तर माझी वकिलीची सनद जाईल. तुमच्या यंत्रात हात गमावलेल्या दोन कामगारांच्या वतीने आमच्या ऑफिसने तुझ्या परदेशातल्या कंपनीवर दावा लावलाय. ‘चाचणी माझ्यासमोर झाली,’ अशी त्या यंत्राच्या सुरक्षा-अहवालावर तुझी सही आहे. पण त्या तारखेला तू इथे होतास, आईच्या ऑपरेशनला, माझ्या शेजारी बाकावर.

आज मी आमच्या ऑफिसच्या मोठ्या वकीलसरांना म्हटलं, “साक्षीदार माझा सख्खा भाऊ आहे. मला या केसमधून काढा.”

“आणखी काही सांगायचंय?”

“नाही, सर.”

उद्या तू शपथेवर बोलशील. मी गप्प बसले, तसा तू बसू नकोस रे.

तुझी,
ठमी