वाढत्या अंगाचं माप

२३ सप्टेंबर, शनिवार

घुबड! दुसरं काही सुचलंच नाही पोरीला. मांजर झाली असती, परी झाली असती, तर दुकानातून दोन कान नाहीतर पंख आणून भागलं असतं. पण टिलीला ऑक्टोबरअखेरच्या हॅलोविनला घुबड व्हायचंय, तेही पिसांसकट. ओरेस्टनं लगेच आपले जुने फ्लॅनेलचे शर्ट काढून दिले. माझा नवरा मोठा उदार — कापायचं आणि शिवायचं काम दुसऱ्याचं असलं की.

आमच्या मॅनिटोबात तोवर बर्फाची थंडी, काहीही शिवा, ते स्नोसूटच्या जाड पोशाखावरून चढलं पाहिजे. नाहीतर पोर दारोदार गोळ्या मागत फिरणार, वरून कोट घालणार, आणि ती कोण झालीय ते कुणालाच दिसणार नाही. म्हणून आधी स्नोसूट, मग त्याच्या मापानं घुबड. गावात जाऊन निळा आणला. दुकानातली म्हणाली, सहा वर्षांची ना? मी म्हटलं, आठचा द्या. बाह्या दुमडून घेईन. वाढतं अंग आहे.

घरी ओरेस्टनं गळ्याजवळची पट्टी वाचली. 'आठ? वेरा, पुढच्या हिवाळ्यात ही इथं असेल का?'

सहाचा नव्हता, म्हटलं. चक्क खोटं. सहाचे चांगले चार-पाच टांगलेले होते. खरं म्हणजे मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, हात आपोआप आठकडे गेला.

टिली आमची नाही. लिहून ठेवते, म्हणजे डोक्यात राहील. फेब्रुवारीत लोरेन, बालकल्याणवाली, तिला दारात सोडून गेली. 'तात्पुरती' म्हणाली. आई शॉना तेव्हा व्यसनमुक्ती केंद्रात होती, आता सुटून आलीय. ऑक्टोबरच्या सव्वीसला कोर्टात तारीख आहे. पोर आईकडे जाणार की इथं राहणार ते न्यायाधीश ठरवणार.

२४ सप्टेंबर

पिसं कापायला बसलो. टिलीची कात्री कापते कमी, चावतेच जास्त.

३० सप्टेंबर, शनिवार

मागच्या झाडाची सफरचंदं उतरवली. बाहुल्यांची डोकी करायला चांगली निघाली, लहान आणि घट्ट. सोलायची, डोळे-नाक-तोंड कोरायचं, मीठ घातलेल्या लिंबाच्या रसात बुडवायची आणि दोऱ्यानं शेगडीच्या वर टांगायची. सुकत गेली की गाल बसतात, सुरकुत्या पडतात आणि प्रत्येकाची एक म्हातारी होते. कोणती म्हातारी प्रेमळ निघेल आणि कोणती खाष्ट, ते आपल्या हातात नसतं. ओरेस्टचं मत, दरवर्षी एक तरी माझ्या सासूवर जाते.

'म्हातारी व्हायला किती दिवस?' टिली.

'महिना तरी.'

'मग मी असेन का?'

उद्या पाऊस आहे का विचारावं तसं विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. तिनं मान हलवली आणि आपलं सफरचंद कोरत बसली. 'ही आई,' म्हणाली. मी म्हटलं, अगं, हे तर सुकणार, आईला कशाला असं करतेस? तर म्हणे, 'मग आई म्हातारी झाली की कशी दिसेल ते मला आधीच कळेल.'

मी लिंबाच्या रसाचं भांडं तिच्यापुढे सरकवलं. 

३ ऑक्टोबर, मंगळवार

लोरेन आली होती. शॉनाचं छान चाललंय. बेकरीत नोकरी, दोन खोल्यांची जागा, दारूच्या तपासण्या सगळ्या स्वच्छ. 'फार मेहनत घेतेय हो पोरगी,' लोरेन म्हणाली.

मी म्हटलं, वा, बरं वाटलं. तोंडानं म्हटलं. मनात म्हटलं, एकदा तरी घसरू दे. एकदाच. फक्त सव्वीस तारखेच्या आधी.

लिहिलं. खोडणार नाही. असलं मनात येतं माझ्या, आणि रविवारी चर्चमध्ये मी पहिल्या बाकावर बसते.

जाता जाता लोरेन म्हणाली, त्यांच्या ऑफिसातली भेटीची खोली रंगवायला काढलीय, तेव्हा शनिवारची भेट तुमच्याकडे झाली तर? मी म्हटलं, अवश्य.

५ ऑक्टोबर, गुरुवार

काचा पुसल्या. पडदे धुतले. कणकेच्या कवचात भोपळ्याचं सारण भरून दोन पाय भाजले. टिलीनं आणि मी ओकची, पॉप्लरची पानं वितळलेल्या मेणात बुडवून वाळवली आणि दोऱ्यात ओवून प्रत्येक खिडकीला माळ लावली. उन्हात अशी पेटतात की बघत राहावं.

ओरेस्ट शिडी धरून उभा. 'कोण येतंय म्हणे? राज्यपाल?'

'पाहुणी येतेय. घर नीट नको?'

'पाहुणचार आहे की तोरा, तेवढं सांग. म्हणजे मी त्याप्रमाणे शर्ट घालतो.'

मी शिडीवरून उतरलेच नाही बराच वेळ. दोन्ही होतं. पण नवऱ्याला ते कशाला कबूल करायचं?

७ ऑक्टोबर, शनिवार

आली. लोरेनच्या गाडीतून. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल, पण हाडाची काडी. दारात बूट काढले आणि पायपुसण्यावरच उभी राहिली, एका मोज्याचं भोक दुसऱ्या पायानं झाकत. टिली पळत गेली आणि तिच्या पोटात डोकं खुपसलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच चहाचे कप मोजले.

'मिसेस कोवल, तुमचं घर किती छान आहे,' ती म्हणाली. वेरा म्हण गं, मी म्हटलं. नाही म्हटलं तिनं शेवटपर्यंत.

टेबलावर पिसांचा ढीग होता. तिनं विचारलं, मी कापू का? आणि कापड चारपदरी दुमडून अशी कात्री चालवली की एका वेळी आठ पिसं, कडा झालरीसारख्या. विनिपेगला जीनच्या पँटी शिवायच्या कारखान्यात होती म्हणे दोन वर्षं. मी दोन आठवड्यांत केली नव्हती एवढी तिनं चहा निवायच्या आत केली. टिली माझ्याकडे बघून म्हणाली, 'बघ! माझी आई!' ओरेस्टला हसू आलं. माझा मात्र जळफळाट झाला. पन्नाशी उलटली तरी पिसांवरून जळते बाई!

मग शॉनानं पिशवीतून हातमोजे काढले. लाल, लोकरीचे, केंद्रात असताना उन्हाळाभर बसून विणलेले. टाका अगदी एकसारखा. पण आठवणीनं विणलेले — गेल्या हिवाळ्यातल्या हाताचे. टिलीचा अंगठा अर्ध्यावर अडला. तिनं ओढले, ताणले, बोटं आत कोंबली आणि दोन्ही हात वर धरून म्हणाली, 'बसले!' मनगटं सगळी उघडी.  ओरेस्ट लाकडं आणायच्या निमित्तानं बाहेर गेला. पेटी लाकडांनी भरलेली होती.

घुबड अंगावर बघायला मी स्नोसूट काढला. शॉनानंच चेन लावली. बाहीची दुमड तिच्या हातून सुटली आणि बाही पार बोटांच्या खाली लोंबली. तिनं गळ्याची पट्टी उलटून पाहिली.

'मोठा आहे ना जरा?'

'वाढतं अंग आहे,' मी म्हटलं.

'हो,' ती म्हणाली. 'वाढतेय.' आणि बाही परत दुमडली, मी दुमडली होती अगदी तशीच.

नंतर भांडी धुवायला माझ्याजवळ येऊन उभी राहिली. टिली बाहेर ओरेस्टबरोबर. हळूच विचारलं, 'रात्री ओरडत उठते का अजून?'

'छे. आता सरळ सकाळपर्यंत झोपते,' मी म्हटलं. कसं म्हटलं ते मलाच ऐकू आलं. शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं!

'माझ्याकडे रोज उठायची,' शॉना म्हणाली आणि ताटली पुसत राहिली.

मी काय सांगायला हवं होतं? मार्चपर्यंत टिली इथंही रोज उठायची, मी पलंगाशेजारी गादी टाकून झोपायचे, ओरेस्ट कंटाळून दूध तापवायचा. हे सांगितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. नाही सांगितलं.

८ ऑक्टोबर

टिली लाल हातमोजे घालूनच जेवायला बसली. चमचा धरता येईना. काढ म्हटलं तर रडली. मग भरवलं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

पहिला बर्फ पडला, टिकला नाही. ओरेस्ट आज धान्याच्या कोठारावरून लवकर आला आणि कोट न काढता म्हणाला, 'एखादा वकील बघायचा का?'

हा माणूस! जन्मात कधी दवाखान्यातसुद्धा गेला नाही आपणहून. लोरेनला फोन लावला. तिनं नीट समजावलं, चिडली नाही. आम्ही सांभाळणारे. कोर्टात आम्हाला मागच्या बाकावर बसता येतं, उभं राहून बोलता येत नाही. टिलीला काय आवडतं, कशाची भीती वाटते, तिला भोपळ्याचा पाय कवचाशिवाय लागतो, दिवा अर्धा चालू लागतो — यातलं काही कुणी आम्हाला विचारणार नाही. विचारलं तरी त्यानं काही ठरणार नाही.

ओरेस्ट कोट तसाच अंगात ठेवून बाहेर जाऊन लाकडं फोडत बसला. मी घुबडाच्या पाठीला पिसं लावत बसले. त्याला हात चालवायला कुऱ्हाड, मला सुई. दोघांच्या हातात तेवढंच.

१५ ऑक्टोबर

शेगडीवरचं आईचं सफरचंद प्रेमळ निघतंय. टिली खूश.

२२ ऑक्टोबर, रविवार

घुबड झालं. टोपीला दोन कान, पोटाला राखाडी पिसं, पाठीला तपकिरी. शॉनानं कापलेली पुढे लावली, ती जास्त सुंदर आहेत. टिलीनं पंख पसरून आख्ख्या घरातून उड्डाण केलं, दिव्याची दोरी तोडली. ओरेस्ट म्हणाला, 'घुबडाबाई, घुबडं दिवसा झोपतात.' ती म्हणाली, 'हे घुबड झोपत नाही, हे आईकडे जाणारंय.'

संध्याकाळी तिची पेटी भरायला घेतली; पोर आईकडेच जाईल, शनिवारी सोडा, असं लोरेननं कळवलंय. तिच्या डोळ्यांत नुसता आनंद होता. माझ्यावर राग नाही, आमच्यावरून मन उडालं असंही नाही. खेळण्यातलं अस्वल माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, 'हे तुझ्याकडे ठेव, तुला झोप येत नाही ना.' कुणी सांगितलं हिला? मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. आता दार बंद करून रडायचंही वय राहिलं नाही, ओरेस्टला बाहेर सगळं कळत होतं.

२५ ऑक्टोबर, बुधवार

उद्या तारीख. दुपारी बराच वेळ खुर्चीत बसून होते. मग उठून त्या शेगडीवरच्या आईकडे पाहिलं आणि शॉनाच आठवली — पायपुसण्यावर उभी, दुमड नीट करत. एवढ्या बारीक हातांनी उन्हाळाभर विणत बसली असेल. दारूची आठवण येत असेल तेव्हा विणत असेल.

मिळू दे तिला तिची पोर. हे मी मनापासून लिहितेय, निदान मनाच्या मोठ्या अर्ध्यापासून. पोरीला आई हवीय. आई उभी राहिलीय. मग मी कोण मध्ये? ओरेस्टला सांगितलं, तर त्यानं माझा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. लग्नानंतर पंचवीस वर्षांनी माणूस असा वागायला लागला की भीती वाटते.

शनिवारी मी गाडीतून सोडून येईन, रस्त्यात रडणार नाही, असं ठरवलंय.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

दुपारी लोरेनचा फोन. टिली जात नाही. सगळे कागद शॉनाच्या बाजूनं होते, मिळतच होती पोर. शॉना स्वतःच उठली आणि न्यायाधीशांना म्हणाली, एवढ्यात नको. तिथं टिली सरळ सकाळपर्यंत झोपते, तिथंच राहू दे. 'कुणीच काही म्हटलं नव्हतं हो तिला,' लोरेन सांगत होती, 'हे कुठून काढलं कोण जाणे.' कुठून ते मला ठाऊक होतं — भांडी धुताना, माझ्याच तोंडून.

चारला शाळेची बस आली. टिलीच्या हातात तिच्याएवढं कार्ड. वर्गानं केलंय निरोपाचं — वाळकी पानं चिकटवून, प्रत्येक पानावर एकेका मुलाचं नाव. मी ते घेऊन भिंतीला टेकवायला गेले.

'तिथं नको ना, वेरा,' ती म्हणाली. 'आत्ताच गाडीत ठेव. आईला दाखवायचंय, नंतर विसरू आपण.'

फोनचं न सांगता गाडीत ठेवून आले.