ढोल थांबतात ती जागा

दाजी,

नमस्कार लिहीत नाही.

ती सिनेमातल्या मारामारीच्या संगीताची तबकडी तुम्हाला मीच दिली होती. अंगाई, विनोदी गाणं आणि अशी हाणामारी, तिन्ही तितक्याच ताकदीनं करणारा त्या संगीतकारासारखा दुसरा नाही, हे तुम्हाला पटलं म्हणून मी हुरळलो होतो. तुमची शेजारीण म्हणायचीही, "दाजींना भारीच नाद लागलाय हो. रोज भिंती हादरतात."

रविवारी मी जिना चढताना तेच वाजत होतं. तुम्ही ते कधी नीट ऐकलंच नाहीत. ऐन हाणामारीत तो संगीतकार सगळे ढोल थांबवतो आणि चार मात्रा नुसती बासरी ठेवतो. एवढी छाती दुसऱ्या कुणाची नाही. त्या चार मात्रांत मला ताईची किंकाळी ऐकू आली.

दार मी खांद्यानं फोडलं. पट्टा धरलेला तुमचा हात मी उंबऱ्यावर आपटला. ढोल पुन्हा सुरू झाले होते, तरी हाड मोडल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

ताई आता माझ्याकडेच राहील. "पत्र पाठवू नकोस, उगाच चवताळतील," म्हणते. पण न्यायला आलात, तर दुसरा हातही मोडेन, आणि तेव्हा तबकडी लावणार नाही. गल्लीभर ऐकू जाऊ दे.

ताईचा भाऊ