भाषेचा रकाना

३ जुलै १९७२
फॉर्म भरला. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स — त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. भाषेचा रकाना तेवढा कोरा! संस्कृत, हिंदी की पाली, ते शनिवारपर्यंत सांगायचं.

४ जुलै
प्रॅक्टिकलला पार्टनर मिळाला. ओमप्रकाश राऊत. गांधीबागेत कापडाच्या दुकानावर असतो म्हणाला. म्हणजे शेटजीच! मधल्या सुट्टीत डबा माझ्यापुढे सरकवला. "खा ना गा, लाजून काहून राहिला?" खाल्लं. माझं आडनाव वानखेडे — ते कुणब्यांतही असतात, आमच्यातही. त्यानं विचारलं नाही. मी कशाला सांगू?

६ जुलै
बा गावाहून, कुहीहून आला — धानाची रोवणी टाकून! "पाली घे. छप्पन साली तुले खांद्यावर घेऊन दीक्षेले आलो होतो मी."
म्हटलं, संस्कृतात मार्क पडतात. मॅट्रिकला पंचाऐंशी होते.
"आन् पालीत का मार्क पडत नाही?"
मार्कांचं नुसतं निमित्त आहे. भाषेप्रमाणे याद्या बोर्डावर लागतात आणि पाली कोण घेतं हे साऱ्या वर्गाला ठाऊक. एकदा नाव लागलं की आडनावाचा आडोसा संपला! गावच्या शाळेत मास्तर मला वरून पाणी ओतायचे, ओंजळ धरून प्यायचो. इथे कुणीतरी पहिल्यांदाच शेजारी बसवून घेतलंय. ते घालवायचं?
बसमध्ये चढताना बा म्हणाला, "जबरदस्ती नाही गा. शिकून तर तूच राहिला."
ओरडला असता तर बरं झालं असतं.

७ जुलै
ओमप्रकाशला विचारलं, तू कोणती भाषा घेतोयस? "पाहू ना," म्हणाला आणि ब्युरेट धुवायला गेला. या शेटजीला कसली काळजी!

८ जुलै
संस्कृत. लिहून मोकळा झालो. बाला कार्ड टाकलं — मार्कांसाठी घेतलं म्हणून. लाज वाटते. सुटल्यासारखंही वाटतं.

१२ जुलै
याद्या लागल्या. पालीत सातच नावं. चौथं — ओमप्रकाश राऊत!
माझं नाव त्यानं आधीच पाहिलं होतं, संस्कृतात. प्रॅक्टिकलला आला तो टेबलाच्या पार त्या टोकाला उभा राहिला.
"तुले दुसरा पार्टनर पाहायचा असन तर पाहून घे. मी मनाले लावून नाही घेणार."
मी ब्युरेट उचलली आणि धुवायला गेलो.